जीप की जिप्सी? आधी रस्ता बघा

जुनी फोर बाय फोर घ्यायची म्हटलं की आपल्याकडे बोलणं फिरून फिरून दोन नावांवर येतं: महिंद्राची एमएम 540 आणि मारुतीची जिप्सी. मला दोन्हींचा भरपूर सहवास लाभला आहे. भोरजवळ मामांच्या शेतावर 540 आहे, तिच्यावरच माझा डिझेल गाडीवर हात बसला. जिप्सी माझी स्वतःची, पुण्यात. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक विचारायला येतात, "चढाला कोणती बरी?" मी त्यांना उलट विचारतो, चढावर जाणार किती वेळा? उत्तर ठरलेलं असतं. रोज शहरात, सुट्टीला हायवे आणि घाट, कधीतरी गडाच्या पायथ्याचा कच्चा रस्ता. मग गाडीची पारख डांबरावरच करा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. दगडधोंड्यांतून चढणाऱ्या गाडीचे व्हिडिओ बघून सौदा करू नका.

540 चं मोठेपण आधी सांगतो. 2112 सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन, ताकद 62 बीएचपी. आकडा ऐकून कोणी भुलणार नाही. पण शेतातल्या चिखलात, मागे खताची पोती भरलेली असताना, दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी ती आपल्या चालीने पुढे सरकत राहते. असं शांत बळ मी दुसऱ्या गाडीत अनुभवलेलं नाही. मामांचं अख्खं शिवार तिच्यावर चालतं आणि ती त्यांनी विकावी असं मला कधीच वाटणार नाही.

हायवेवर मात्र चित्र बदलतं. चार गिअरचा बॉक्स, साठच्या पुढे गेलं की इंजिनाचा आवाज कानात बसतो, आणि मागून येणारे ट्रेलर धीर धरत नाहीत. एकदा तीच जीप सातारा रस्त्याने पुण्याला आणत होतो. पुलाच्या जोडावर पुढची चाकं आदळली आणि स्टेअरिंग थरथरायला लागलं. थरथर वाढत गेली, व्हील दोन्ही बाजूंना इतक्या जोरात हिसके मारू लागलं की अंगठे आत अडकले असते तर मोडलेच असते. शेजारी मामेभाऊ ओरडला, "दादा, ब्रेक मार!" अशा वेळी कचकन ब्रेक मारायचा नसतो. ॲक्सिलरेटर सोडला, व्हील सरळ धरून ठेवलं, ब्रेकवर हलका पाय ठेवत डावीकडे घेतलं. वेग बराच उतरल्यावर ते थांबलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी पुढचं चाक जॅकवर उचललं, एक हात वर आणि एक खाली धरून चाक हलवलं. ते लटपटत होतं. त्यांनी मला आत बसून ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. लटपट तशीच. "ब्रेक दाबल्यावर प्ले गेला असता तर व्हील बेअरिंग. हा जात नाही, म्हणजे किंगपिनच्या बेअरिंगी गेल्यात. अलाइनमेंटवर पैसे घालू नका," मिस्त्री म्हणाले. पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलला जोडलेली असतात, त्यामुळे एकाचा थरकाप दुसऱ्यात उतरतो. टाय रॉड एंड झिजले असतील किंवा चाकांचं बॅलन्सिंग बिघडलं असेल तर त्यात भरच पडते. ही तपासणी कुठलीही जुनी जीप घेण्याआधी कराच. जिप्सीचा पुढचा एक्सलही तसाच अखंड आहे, तिलाही सोडू नका.

ब्रेकचंही तेच. मामांच्या 540 ला चारही चाकांना ड्रम आहेत. ओढ्यातून गाडी बाहेर काढली की ओले लायनर काही वेळ नीट पकडत नाहीत, आणि लांबलचक उतारावर पाय दाबून ठेवला तर तापून पकड सोडतात. वरंध घाटासारख्या उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवायची, ही शिस्त अंगवळणी नसेल तर 540 घेऊ नका. रिकाम्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने ब्रेक लावून बघा, गाडी एका बाजूला ओढत असेल तर ब्रेकचं काम निघणार हे नक्की.

म्हणून मुख्यतः डांबरावर चालवणाऱ्याला मी जिप्सी सांगतो. तीही सरसकट नाही. 1985 ला आली तेव्हाच्या जिप्सीत 970 सीसीचं, 45 बीएचपीचं इंजिन आणि चार गिअर होते. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतरही कमी होतं, ते 1993 ला वाढवलं. 1996 ला 1298 सीसीची जिप्सी किंग आली, पाच गिअर घेऊन, आणि 2000 च्या सुमारास त्याच इंजिनाला एमपीएफआय मिळाल्यावर ताकद 80 बीएचपी झाली. घ्यायचीच तर ही शेवटची घ्या. ऐंशीच्या वेगाने ती शांतपणे चालते आणि पुढे डिस्क ब्रेक आहेत. पेट्रोल पिते हे खरं. माझी लिटरला दहाच्या आसपास देते. मऊ बसण्याची अपेक्षा मात्र ठेवू नका. 540 सारखे पाट्यांचे स्प्रिंग हिलाही पुढे-मागे आहेतच.

जिप्सीचा खरा शत्रू गंज. मी गाडी शोधत होतो तेव्हा एक फार देखणी जिप्सी बघितली होती, कोकणातून आलेली, खालून नुकताच काळा कोट मारलेला. विकणारा तो कोट कौतुकाने दाखवत होता. मागच्या एक्सलच्या वर चासीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं. पुढे खणखणीत वाजणारा पत्रा तिथे बद्द वाजला. टोक टेकवून जरा दाबलं तर काळ्या रंगाचा पापुद्रा आत गेला आणि तपकिरी भुगा हातावर सांडला. मागच्या चाकांच्या वरचा भाग, पायाखालचा पत्रा आणि बॉडी चासीला जिथे बसते त्या जागा अशाच ठोकून बघा. इंजिन पुन्हा बांधता येतं. एस्टीमचं इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे नाना पेठेत किंवा कुर्ल्याला भाग मिळतात. कुजलेली चासी मात्र घेऊच नये.

आणखी एक गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. या दोन्ही गाड्यांत पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये सेंटर डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. फोर व्हील टाकलेली असताना चिखलात टायर घसरून तो फरक भरून निघतो, कोरड्या डांबरावर तो ताण थेट गिअरांवर येतो. पावसाळ्यात "पकड चांगली राहते" म्हणून घाटरस्त्यावर फोर व्हील टाकून जाणारे मी बघितले आहेत. मग फोर व्हीलची लिव्हर अडकते. अशी अडकली तर हिसके देऊ नका, गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, सुटते.

कार्ब्युरेटरची जिप्सी असेल तर इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या बदलून घ्या. आता पंपावर मिळणाऱ्या ई20 पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, आणि नळी झिरपते ती गरम इंजिनाजवळच.

कागदपत्रांत चासी नंबर स्वतः घासून, वाचून आरसी बुकाशी ताडून बघा. 15 वर्षांनंतरची पुनर्नोंदणी झालेली आहे का, फिटनेस कधी संपतो, हेही बघा. लांबी वाढवलेली, इंजिन बदललेली जीप स्वस्तात मिळते, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे ती तुमच्या गळ्यात पडू शकते. "व्हिंटेज आहे, चालतं" असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. 2021 च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणजे 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी. तशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. या दोन्ही गाड्यांचं तेवढं वय अजून झालेलंच नाही.

शेवटी, घरच्यांना घेऊन फिरायचं असेल तर चाचणी घेताना स्टेअरिंग दुसऱ्याकडे द्या आणि तुम्ही मागच्या आडव्या बाकावर बसा. तिथे पट्टा आहे का, नसेल तर बसवता येईल का, डोकं कुठे आपटतं, धूर आत येतो का, हे खड्ड्यांच्या रस्त्यावर अर्धा तास बसून बघा. मुलं तिथेच बसणार आहेत.