दोन धातू, एक रेणू

केमिस्ट्रीवरचा लेख आणि तोही मराठीतून, म्हणजे माझ्यासारख्या कॉन्व्हेंटच्या मुलाची डबल परीक्षाच! चुका पोटात घाला.

विरल मृदा म्हणजे आपले रेअर अर्थ. स्कँडियम, यट्रियम आणि १५ लँथॅनाइड मिळून ही १७ मूलद्रव्ये होतात. मिनी प्रोजेक्टमध्ये मला कॉपर आणि गॅडोलिनियम एकाच रेणूत बसवायचे होते. पहिल्या वेळी मी सगळंच एकदम फ्लास्कमध्ये ओतलं, त्यात बेस जास्त पडला. तळाशी नुसता गढूळ साका! सर म्हणाले, "अरे, मिक्स्ड-मेटल म्हणजे मिसळ नव्हे."

प्रत्येक धातूची आवड वेगळी असते. कॉपरला नायट्रोजन चालतो. गॅडोलिनियमचा आयन मोठा, त्याला ऑक्सिजनच हवा आणि शेजारीही आठ-दहा लागतात. म्हणून दोन खोल्यांचा लिगँड बनवतात. ऑर्थो-व्हॅनिलिनचे दोन भाग आणि एथिलीनडायअमाईनचा एक भाग मिथेनॉलमध्ये तापवला की तो तयार होतो. आतल्या खोलीत दोन नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजन, तिथे आधी कॉपर बसवायचं. बाहेरच्या खोलीत चार ऑक्सिजन, तिथे नंतर गॅडोलिनियम नायट्रेट. तीन नायट्रेट प्रत्येकी दोन ऑक्सिजन देतात, म्हणजे चार अधिक सहा, दहा शेजारी झाले! मधले दोन ऑक्सिजन दोन्ही खोल्यांची सामायिक भिंत. या भिंतीतूनच कॉपरचा एक आणि गॅडोलिनियमचे सात सुटे इलेक्ट्रॉन एकमेकांशी 'बोलतात'. भिंत जितकी सपाट, तितकं हे चुंबकीय बोलणं जोरात. अशा रेणूची रचना फ्रान्समधल्या तुलूझच्या संशोधकांनी १९९६ साली प्रसिद्ध केली.

दुसऱ्या वेळी मी क्रम पाळला. बीकरवर फॉइल लावून सुईने भोकं पाडली आणि वाट पाहिली. काही दिवसांनी छान, गडद स्फटिक आले. मी खुशीत रिपोर्टमध्ये दोन धातूंचा फॉर्म्युला लिहूनही टाकला. मग बाहेरून एक्स-रे करून रचना आली. बघतो तर आत कॉपर होतं, पण गॅडोलिनियमच्या खोलीत चक्क पाण्याचा एक रेणू, हायड्रोजन बंधांनी धरलेला!

प्रेझेंटेशन चार दिवसांवर होतं. खरं सांगतो, ती रचना न दाखवण्याचा मोह झाला. रंग गडद, स्फटिक सुंदर, कुणाला कळणार होतं? पण रंग फक्त काहीतरी बदललं एवढंच सांगतो. कोणता अणू कुठे बसलाय, हे एक्स-रेच सांगतो. मी फॉर्म्युला खोडला आणि पाण्याचा रेणू सगळ्यांना दाखवला. सरांनी सर्वांत जास्त प्रश्न त्याच स्लाइडवर विचारले.

तिसरं बीकर सध्या लॅबच्या कपाटात आहे. या वेळी फॉर्म्युल्याची जागा कोरी ठेवली आहे. तुम्हीही रिझल्ट हातात येण्याआधी रिपोर्ट भरू नका!