झाडीपट्टीतील द्विभाषिक नाट्यप्रयोग आणि कुटुंबाचा प्रतिसाद : बालप्रेक्षकाच्या संदर्भात

बालनाट्याचा विचार करताना मराठी समीक्षेची दृष्टी बहुधा मुंबई-पुण्याकडे वळते. सुधा करमरकर यांच्या 'लिटल थिएटर'ने १९५९ साली रंगभूमीवर आणलेले रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' आणि १९८६ पासून पुण्याच्या थिएटर अकॅडमीने रुजविलेली बर्लिनच्या 'ग्रिप्स' परंपरेतील नाटके हे या इतिहासाचे महत्त्वाचे टप्पे आहेत, यात शंका नाही. परंतु या नाटकांचा बालप्रेक्षक घरी जी भाषा बोलतो तिच्या जवळपासचीच भाषा रंगमंचावर ऐकतो. भंडारा जिल्ह्यातील साकोली, लाखनी किंवा लाखांदूर तालुक्यातील मुलाची स्थिती याहून वेगळी आहे. त्याच्या घरात झाडीबोली असते, शाळेत प्रमाण मराठी असते आणि बाजारात हिंदी असते. तुमसरकडे काही घरांत पोवारीही असते. अशा मुलासमोर एकाच प्रयोगात दोन भाषारूपे येतात तेव्हा तो स्वतः, त्याचे आईवडील आणि त्याची आजी काय ऐकतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

झाडीपट्टी रंगभूमी ही मुलांसाठी निर्माण झालेली रंगभूमी नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. परंतु ती मुलांना वगळणारीही नव्हे. भंडारा, गोंदिया (१ मे १९९९ पर्यंत हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता), चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडई भरू लागते, शंकरपट होतात आणि त्या निमित्ताने रात्री नाटक ठेवले जाते. गावात नाटक म्हणजे घरोघरी पाहुणे. माहेरवाशिणी येतात, सोयरे येतात, लग्नाच्या बोलण्यांनाही याच दिवसांत सुरुवात होते. वडसा येथील नाट्यमंडळी प्रयोग करतात आणि आजीपासून कडेवरच्या मुलापर्यंत सारे कुटुंब एकाच ठिकाणी बसून तो पाहते. शहरी बालनाट्यात पालक मुलाला 'घेऊन येतात'. येथे मूल कुटुंबाचा घटक म्हणून आपोआप प्रेक्षक होते. म्हणून या रंगभूमीवरील बालप्रेक्षकाचा अभ्यास हा अपरिहार्यपणे कुटुंबाचा अभ्यास ठरतो.

आता भाषेच्या वाटणीकडे पाहू. या नाटकांत सामान्यतः नायक, नायिका, जमीनदार आणि पोलीस अधिकारी प्रमाण मराठी बोलतात, तर गडी, म्हातारी आणि विनोदी पात्र यांच्या वाट्याला बोली येते. झाडीबोलीत 'ण'च्या जागी 'न' येतो आणि 'ळ'च्या जागी 'र'. 'पाणी'चे 'पानी', 'काळा'चे 'कारा', 'डोळा'चे 'डोरा' होते. विनोदी पात्राने असा एखादा शब्द नुसता उच्चारला तरी मंडपात हशा पिकतो. हा हशा म्हणजे नाटक आवडल्याची पावती, असे मंडळी मानतात आणि व्यवसायाच्या दृष्टीने ते खरेही आहे. अभ्यासकाने मात्र येथेच थांबून विचारले पाहिजे : हसले कोण, आणि कशाला?

माझ्या मते या एका हशात निदान तीन वेगवेगळे प्रतिसाद मिसळलेले असतात. आजीचे हसणे ओळखीचे असते. आपल्या घरातला शब्द उजेडात, भरल्या मंडपात ऐकू आला याचा तिला आनंद होतो, आणि कित्येकदा ती बसल्या जागेवरून पात्राला उत्तरही देते. आईवडिलांच्या हसण्यात थोडे अंतर असते. ती बोली त्यांचीच आहे, पण शाळा, नोकरी आणि कचेरी यांच्या अनुभवाने तिच्यापासून जरा दूर उभे राहायला त्यांना शिकविलेले असते. मुलाचे हसणे या दोहोंपेक्षा निराळे असते. त्याला त्या शब्दात हसण्यासारखे काय आहे हे प्रथम कळतच नाही, कारण 'पानी' हा त्याच्या दृष्टीने केवळ पाण्याचा शब्द असतो. मोठी माणसे हसली म्हणून ते हसते. कोणती भाषा रडण्याची, कोणती हुकमाची आणि कोणती हसण्याची, हा धडा त्याला रंगमंच जितका देतो तितकेच शेजारी बसलेल्यांचे चेहरेही देतात.

याचा अर्थ बोलीचा विनोदासाठी वापरच करू नये, असा मुळीच नाही. तसे म्हणणे हा शहरी सोवळेपणा होईल. दंडारीचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. पुरुष कलावंतांनीच स्त्रीभूमिकाही करावयाच्या या लोकनाट्यात थट्टा भरपूर असते, हिंदीमिश्रित पदेही येतात. पण बोली ही एकट्या विदूषकाची राहत नाही. थट्टा करणारा आणि जिची थट्टा होते ती व्यक्ती, दोघेही एकाच बोलीत बोलतात. त्यामुळे हसू प्रसंगाचे होते, उच्चाराचे होत नाही. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि येथील लोकनाट्य या दोहोंचा अभ्यास सोबत केला, तो या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. येथे भाषाशास्त्र आणि नाट्यशास्त्र यांची फारकत करता येत नाही. २०२३ साली गडचिरोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर झाडीपट्टी रंगभूमीविषयी बाहेर पुष्कळ लिहिले गेले, परंतु त्यात उलाढालीचे आकडे अधिक आणि भाषेचा विचार कमी होता.

शालेय स्नेहसंमेलनातील नाटिका हा या प्रश्नाचा दुसरा भाग. तेथे मुले प्रेक्षक नसून नट असतात आणि कुटुंब समोर बसलेले असते. तालमीत 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला 'पाणी' म्हणायला लावले जाते, आणि त्याच मुलाला नोकराचे काम दिले तर 'पानी'च म्हण, असे सांगितले जाते. शिक्षकाचा हेतू वाईट नसतो. प्रमाणभाषा शिकविणे हे त्याचे कामच आहे. पण मुलापर्यंत काय पोहोचते? शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम २९ मध्ये शक्य तोवर मुलाच्या मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. भंडाऱ्यातील मुलाची मातृभाषा कागदावर 'मराठी' असते, आणि एवढ्यावर तो प्रश्न मिटला असे धरले जाते.

अशा प्रयोगांवरील कौटुंबिक प्रतिसाद नोंदविताना 'नाटक आवडले का?' हा प्रश्न निरुपयोगी आहे. पाहुण्याला 'चांगलं होतं' असेच उत्तर मिळणार. त्यापेक्षा अभ्यासकाने मंडपाच्या कडेला, प्रेक्षकांचे चेहरे दिसतील असे बसावे, आणि दुसऱ्या दिवशी मुलाला गोष्ट सांगावयास लावावी, तीही शक्यतो आजीच्या देखत. नायकाचे संवाद ते कोणत्या भाषारूपात सांगते, आईचे कोणत्या, कोठे अडखळते, आजी त्याला मध्येच कोणता शब्द पुरविते, हे टिपावे. प्रमाण मराठीत रडणारी नायिका मुलाने आपल्या गोष्टीत बोलीत रडविली, तर तेवढा भाग त्याने आपलासा केला असे समजण्यास आधार मिळतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि त्यांना बोजारा मिळतो. तोही एक छोटा प्रयोगच असतो, प्रेक्षकही तेच घरचे आणि शेजारचे असतात. बैलाच्या शिंगांना काय बांधले, रंग कोणी दिला, असे विचारणे होते आणि मूल बोलीतच उत्तर देते. तेथे त्याच्या 'कारा' या शब्दाला कोणी हसत नाही.