पाय सुजलेत, पण त्रास काहीच नाही!

प्रश्न : सुनेला आठवा महिना लागलाय. पाय सुजतात, पण ते आमचेही सुजायचे. मी तिचं मीठ बंद केलं आहे. तिला त्रास काहीच नाही, तरी आशाताई दर खेपेला बीपी आणि लघवी तपासायला नेतात. एवढं कशासाठी?

उत्तर : सासूबाई, सुजेबद्दल तुमचं बरंचसं खरं आहे. संध्याकाळी घोटे सुजणं आणि रात्री पडल्यावर सूज उतरणं पुष्कळ जणींना होतं. गोम आहे ती 'त्रास काहीच नाही' यात.

काही जणींच्या गर्भाशयात वारेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत. रक्त कमी पडलं की वार आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते, ज्यांनी अंगभरच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. वाहिन्या आवळतात, म्हणून बीपी चढतो. मूत्रपिंडातून प्रथिनं गळतात, ती लघवीत दिसतात. वाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपतं आणि सूज येते. डॉक्टर याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. तो विसाव्या आठवड्यानंतर उद्भवतो. पहिलटकरणीला, जुळी असतील तर, किंवा आधीपासून बीपी वा मधुमेह असेल तर धोका जास्त. सुरुवातीला काही दुखत-खुपत नाही. बीपी १४०/९० झाला तरी बाई घरात कामं करत फिरत असते! म्हणून आशाताईंचा तगादा.

मिठाचं म्हणाल, तर बिघाडाचं मूळ वारेत असल्यामुळे मीठ तोडून तो थांबत नाही. सुनेला बेचव जेवायला लावू नका. तपासणीत मिळणारी कॅल्शियमची गोळी मात्र चुकवू देऊ नका.

आता ज्याला थांबायचं नाही ते सांगतो. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगड्यांखाली दुखणं, चेहरा आणि हात एकाएकी सुजणं. बरगड्यांखालचं दुखणं आपल्याकडे हमखास पित्तावर ढकललं जातं आणि घरगुती उपायांत रात्र जाते. यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. पुढची पायरी झटक्यांची असते. झटके म्हणजे बाहेरची बाधा नव्हे, मेंदूवर झालेला परिणाम आहे. त्यावर मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. अंगाऱ्यात वेळ गेला तर ते उशिरा मिळतं.

बीपीच्या गोळ्यांनी वेळ मारून नेता येते, मूळ दुखणं प्रसूती होऊन वार पडल्यावरच ओसरू लागतं. म्हणून डॉक्टर कधीकधी दिवस भरण्याआधीच बाळंतपण करायला सांगतात. त्यांना घाई झालेली नसते.

आणि बाळंतपणानंतरही सहा आठवडे हा बीपी उसळू शकतो. तेव्हा बाळंतिणीचं डोकं दुखू लागलं, की 'कानाला वारा लागला' म्हणून स्कार्फ जरूर बांधा, पण आधी बीपी मोजून घ्या.