फट झाकू नकोस

विजयदुर्ग

चि. मुग्धा हिस,


तू पाठवलेलं घराचं मॉडेल रेव्हिटमध्ये उघडून पाहिलं. प्लॅनमध्ये सगळं जुळलेलं दिसतं, पण थ्रीडीत फिरवलं की माजघराच्या कोपऱ्यातून आरपार दिसतं आणि कौलांखाली दोन्ही टोकांना त्रिकोण उघडे राहिलेत. कोपऱ्यातली फट तू रेघ मारून झाकली आहेस. तसं करू नकोस. प्लॅन बघणारा फसेल, पण फट मोठी असली तर सॉफ्टवेअर खोली बंद धरत नाही आणि क्षेत्रफळ देत नाही. गिलाव्याचा हिशेब मग कशावर करणार?

आधी फट का पडली ते शोध. एक भिंत तू मध्यरेषेवरून काढलीस, दुसरी बाहेरच्या कडेवरून. नऊ इंची भिंतीत ही चूक साडेचार इंचांची होते. लोकेशन लाइन एकदा ठरव, घरभर तीच ठेव आणि मग ट्रिम घेऊन दोन्ही भिंती कोपऱ्यात मिळव.

त्रिकोणांचं कारण वेगळं. भिंतीचा माथा तू लेव्हलला बांधलास, म्हणून भिंत सपाट संपली. छप्पर मात्र उतरतं. भिंत निवड, अटॅच टॉप घे, छपरावर क्लिक कर. माथा उताराप्रमाणे कापला जाईल. भिंत नुसती उंच करून छपरात घुसवू नकोस. आपल्याकडे पाऊस वाऱ्याबरोबर आडवा आत येतो, तेव्हा भिंत आढ्यापर्यंत न्यायची की वर जाळी ठेवायची, हे गवंड्यावर सोडू नकोस. ते तूच ठरव आणि मॉडेलमध्ये दाखव.

प्रोजेक्टला किल्ल्याचा तट घेतेस, हे वाचून फार आनंद झाला. 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात आपला विजयदुर्ग आहे. पण तिथे वर सांगितलेलं बरंचसं उलटं होतं. तिहेरी तटाला वळणं आहेत, बुरूज आहेत. घराच्या भिंतीसारखी सरळ वॉल ओढलीस तर मॉडेल नीटनेटकं होईल, पण तो आपला तट नसेल. भेगा, निखळलेले चिरे, झाडांच्या मुळांनी फाकलेले सांधे जसे दिसतील तसे मापांसह नोंद. एकही बुजवू नकोस. उद्या डागडुजी करणाऱ्याला नेमकी तीच माहिती लागणार आहे.

किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. कॉलेजचं पत्र जोडून मोजणीची रीतसर परवानगी आधी माग. आणि पाऊस लागायच्या आत ये, नंतर समुद्राकडच्या बाजूने मापं घेता येणार नाहीत.

तुझा,
मामा