त्रिरश्मी डोंगरावर मोजपट्टी घेऊन



सहलीला निघताना डबा, पाण्याची बाटली आणि टोपी आपण आठवणीने घेतो. या वेळी पिशवीत आणखी काही वस्तू टाका : एक मोजपट्टी, दोन साध्या तापमाप्या, एक होकायंत्र, आलेखाचा कागद आणि पेन्सिल. आपल्याला जायचे आहे नाशिकच्या पांडवलेण्यांना.

शहराच्या दक्षिणेला सुमारे आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला हा डोंगर उभा आहे. दादासाहेब फाळके स्मारकाच्या बाजूने पायऱ्यांची वाट वर जाते. पाचवी-सहावीतील मुलालाही ती सहज चढता येते. वर २४ लेणी आहेत. सर्वांत जुनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरली गेली. पांडवांशी त्यांचा काही संबंध नाही, ते नाव लोकांनी मागाहून दिले. लेण्यांतील शिलालेखांत या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे आहे.

लेणी पाहून तर सगळेच येतात. आपण ती मोजून येऊ. पाहिलेल्या गोष्टीचे वर्णन करता येते, पण मोजलेली गोष्ट दुसऱ्याला तपासून पाहता येते. हा फरक किती मोलाचा आहे, ते शेवटी एका दगडी भिंतीवरच तुम्हाला दिसेल.

दहा मीटरला एक ग्रॅम गूळ

पायथ्यापासून पायऱ्या मोजत चला. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. म्हणून दर दहाव्या पायरीची उंची मोजा, सरासरी काढा आणि एकूण पायऱ्यांनी गुणा. मधल्या सपाट किंवा उताराच्या वाटेची नोंद वेगळी ठेवा. समजा, मोजपट्टी तिरकी धरल्यामुळे प्रत्येक वेळी अर्धा सेंटिमीटर जास्त मोजला गेला. २०० पायऱ्यांत ही चूक एक मीटरची होईल. एकाच दिशेने होणारी लहान चूक अशी साठत जाते. कधी कमी, कधी जास्त अशी झालेली चूक मात्र सरासरीत बरीचशी भरून निघते.

आता थोडा हिशेब. ४० किलोग्रॅम वजनाचा मुलगा १० मीटर उंच चढला, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याने केलेले कार्य ४० × ९.८ × १० = ३,९२० ज्यूल. एक ग्रॅम गुळापासून शरीराला सुमारे १६,००० ज्यूल ऊर्जा मिळते. आपले स्नायू त्यातील साधारण चौथा हिस्साच चढण्याच्या कामी आणतात, बाकीची ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून तर चढताना घाम येतो. तेव्हा दर १० मीटर चढाईला साधारण एक ग्रॅम गूळ पुरतो. तुमच्या वजनाला आणि तुम्ही मोजलेल्या उंचीला किती लागेल, ते काढा. गुळाचा मोठा खडा खाण्याआधीच काढा!

खडक काळा, तोंड उत्तरेकडे

वर आल्यावर आधी खडक पाहा. हा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारसाचे लोट एकावर एक पसरत गेले आणि थंड होऊन दख्खनचे पठार तयार झाले. आजूबाजूच्या डोंगरांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात, त्या या आडव्या थरांमुळेच. काही ठिकाणी खडकात बारीक पोकळ्या दिसतील. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या त्या खुणा आहेत. पुढे पाण्याबरोबर आलेल्या क्षारांनी अशा कित्येक पोकळ्यांत पांढरे स्फटिक भरले. ते पाहा, उकरू नका.

आता होकायंत्र बाहेर काढा. बहुतेक लेण्यांची तोंडे उत्तरेकडे किंवा ईशान्येकडे आहेत असे दिसेल. याने काय साधते?

नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या २१ तारखेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या २४ तारखेच्या सुमारास येथे माध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे असतो. उरलेले सुमारे दहा महिने तो दक्षिणेकडे, म्हणजे उत्तराभिमुख लेण्याच्या पाठीमागे असतो. जूनमध्येही तो डोक्यापासून उत्तरेला जास्तीत जास्त साडेतीन अंशच कलतो. लेण्याचे तोंड ३ मीटर उंच धरा. साडेतीन अंशांचा टॅन्जंट ०.०६. म्हणजे दुपारचे ऊन आत जाणार अवघे १८ सेंटिमीटर, एक वीतभर! हेच लेणे दक्षिणाभिमुख असते, तर २२ डिसेंबरच्या दुपारी ऊन जवळजवळ २.८५ मीटर आत शिरले असते. उन्हाळ्यात सकाळी आणि संध्याकाळी मात्र तिरपी किरणे उत्तरेच्या तोंडातूनही येतात. ईशान्येकडे तोंड असलेल्या लेण्यात सकाळचे ऊन किती आत येते, ते पावलांनी मोजा.

दिवसाची गरमी भिंतीत किती शिरते?

आता तापमाप्या हाती घ्या. एक ओसरीत सावलीला ठेवा, दुसरी विहाराच्या आतल्या खोलीत. दर अर्ध्या तासाने दोन्ही वाचा आणि एकाच कागदावर दोन आलेख काढा. एक काळजी घ्या. प्रत्येक माणूस म्हणजे सुमारे १०० वॅटची शेगडीच असतो. दहा जण लहानशा खोलीत शिरले, तर एक किलोवॅटची शेगडी आत नेल्यासारखे होईल. म्हणून तापमापी वाचायला एकानेच जावे आणि लगेच बाहेर यावे.

आतल्या तापमापीचा आलेख बराच सपाट दिसेल. त्याचे कारण जाड खडक. दिवसा खडकाचा पृष्ठभाग तापतो, रात्री निवतो. हा चढउतार खडकात शिरतो खरा, पण दर १५ सेंटिमीटर खोलीला तो सुमारे ३७ टक्क्यांवर येतो. पृष्ठभागावर दिवस-रात्रीचा फरक २० अंश असेल, तर १५ सेंटिमीटर आत तो साधारण ७ अंश, ३० सेंटिमीटर आत पावणेतीन अंश आणि ४५ सेंटिमीटर आत जेमतेम एक अंश उरतो. नाशिकच्या जुन्या वाड्यांच्या हातभर जाड भिंती उन्हाळ्यात घर गार का ठेवतात, ते आता तुमच्या लक्षात येईल.

उन्हाळा-हिवाळ्याचा चढउतार मात्र जास्त खोल जातो. कालावधी ३६५ पट मोठा, म्हणून खोली ३६५ च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे १९ पट. १५ सेंटिमीटरचे होतात सुमारे २.८ मीटर. त्याहून बराच खोल खडक वर्षभर जवळपास एकाच तापमानाला, म्हणजे तेथील वार्षिक सरासरीच्या आसपास राहतो. नाशिकला ही सरासरी २४-२५ अंश सेल्सिअस आहे. लेण्याचे तोंड उघडे असल्यामुळे बाहेरची हवा आत येते आणि हा हिशेब थोडा बिघडवते. किती बिघडवते, ते तुमचा आलेखच सांगेल. आलेख या लेखाशी जुळला नाही, तर प्रयोग पुन्हा करा. तरीही जुळला नाही, तर आलेखावर विश्वास ठेवा आणि कारण शोधा.

दोन हजार वर्षांपूर्वीची बेरीज-वजाबाकी

शेवटी १० क्रमांकाच्या लेण्यात या. हे लेणे क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने दान दिले. येथे त्याचा एक शिलालेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. मजकूर हिशेबाचा.

उषवदाताने ३,००० कार्षापण (चांदीची नाणी) गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने. १,००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत, असे त्याने कोरून ठेवले.

पडताळा पाहा. २,००० चे शेकडा १ म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि २० भिक्षू × १२ = २४०. हिशेब चोख! त्याच लेखात आणखी एक दान आहे : ७०,००० कार्षापण, म्हणजे २,००० सुवर्ण, एका सुवर्णाचे ३५ कार्षापण या दराने. हेही गुणून पाहा.

हे आकडे लिहिले कसे, तेही पाहण्यासारखे आहे. येथे शून्य नाही, एकम्-दशम् अशी स्थाने नाहीत. दहा, वीस, सत्तर, शंभर, हजार यांच्या वेगवेगळ्या खुणा आहेत. ७०,००० लिहायचे तर हजाराच्या खुणेला सत्तरची खूण जोडली आहे. भारतीय अंकांच्या इतिहासात नाशिकच्या या अंकांना फार महत्त्व आहे.

इतकी शतके पाऊस, वारा आणि वटवाघळे यांना पुरून उरलेला हा हिशेब आज आपण तपासू शकलो, कारण त्यातले आकडे शाबूत आहेत. एखाद्याने खिळ्याने त्यांवर आपले नाव कोरले, तर दोन मिनिटांत ते कायमचे जातील. ही लेणी संरक्षित स्मारक आहेत. त्यांची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण शिक्षेच्या भीतीपेक्षा मोठे कारण असे, की बिघडलेला प्रयोग पुन्हा करता येतो, पुसलेला शिलालेख पुन्हा मिळत नाही. तेव्हा भिंतीला खडू, तेल किंवा चिकटपट्टी लावू नका. अक्षरांवर बोटे फिरवू नका. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, त्या वेळी शिक्षक किंवा वडीलधारे बरोबर असू द्या. मधमाश्यांचे पोळे दिसले, तर गलका न करता दूर व्हा.

घरी आल्यावर करा

१. दुसऱ्या ठेवीचे (१,००० कार्षापण, दरमहा शेकडा पाऊण) वार्षिक व्याज किती?

२. तुमच्या घराच्या बाहेरच्या भिंतीची जाडी मोजा. ती याच खडकाची आहे असे धरून, बाहेरचा २० अंशांचा फरक आत किती उरेल ते काढा.

३. २१ मेच्या सुमारास अंगणात एक काठी ओळंब्यात उभी करा. दुपारी बारा ते एकच्या दरम्यान तिची सावली दर पाच मिनिटांनी मोजा. ती जवळजवळ नाहीशी होते का? किती वाजता? घड्याळात बरोबर बारा वाजता का नाही?