उसातील साखर आणि हाती येणारा उतारा

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती व इंदापूर तालुक्यांत उसाची लागवड विस्तारली. हा ऊस माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इत्यादी ठिकाणच्या सहकारी साखर कारखान्यांत गाळला जातो. साखर उसात तयार होते. कारखाना ती केवळ वेगळी काढतो. म्हणून तोडीनंतर उसात घडणारी रासायनिक क्रिया शेतकऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

उतारा म्हणजे काय?

शंभर किलो उसापासून जितके किलो साखर मिळते, तितका उतारा होय. समजा, एक टन उसात १२५ किलो साखर आहे आणि त्यातून १०० किलो साखर पोत्यात आली. येथे उतारा १० टक्के, परंतु उसातील साखरेपैकी हाती आलेला भाग ८० टक्के होतो. उरलेली साखर चोथा, गाळ व मळी यांतून जाते. याच उसातून १०५ किलो साखर निघाली, तर उतारा अर्ध्या टक्क्याने वाढला असे म्हणतात. मात्र मूळ १०० किलोंशी तुलना करता हा लाभ ५ टक्के आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण त्यांचा अर्थ निराळा आहे.

साखरेचे विघटन

ऊस तोडल्यावर त्यातील विकर व आम्लता यांच्यामुळे साखरेचा पाण्याशी संयोग होऊन तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. ३४२ किलो साखर व १८ किलो पाणी यांपासून या दोन शर्करा मिळून ३६० किलो तयार होतात. म्हणजे वजन वाढते, रस गोडही लागतो, परंतु या शर्करांचे स्फटिक कारखान्यात बनत नाहीत. त्या मळीत जातात. हाताच्या रिफ्रॅक्टोमीटरवरील ब्रिक्स विरघळलेले सर्व पदार्थ मोजतो, त्यामुळे ही हानी ब्रिक्सवरून ध्यानात येत नाही. याखेरीज कापलेल्या टोकांतून शिरलेले जंतू साखरेपासून चिकट द्रव्य तयार करतात आणि स्फटिक बनण्यात अडथळा येतो.

एक हिशेब

वरील एक टन ऊस उन्हात पडून राहिला, त्याचे वजन ९४० किलो झाले व साखर १२० किलोंवर आली, असे धरू. साखरेचे प्रमाण १२.५ वरून सुमारे १२.८ टक्के झालेले दिसेल! ऊस सुधारला असे कोणी समजेल. प्रत्यक्षात ५ किलो साखर नष्ट झाली आहे. रस बिघडल्याने १२० किलोंपैकी ७७ टक्केच हाती आली, तर पोत्यात ९२.४ किलो साखर पडेल. उतारा १० वरून सुमारे ९.८ झाला, म्हणजे घट किरकोळ भासते. परंतु साखर मात्र ७.६ टक्क्यांनी कमी झाली. शेतकऱ्याचे वजनही ६० किलोंनी घटले. २०२५-२६ च्या हंगामाकरिता १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये हा रास्त व किफायतशीर दर ठरला. त्या दराने केवळ वजनातील घट टनामागे २१३ रुपये होते.

कारखान्यातील नियंत्रण

उसाचा रस स्वभावतः आम्लधर्मी असतो. त्यात चुना घालून आम्लता काढतात. चुना कमी पडल्यास तापलेल्या रसात विघटन चालूच राहते. अधिक झाल्यास ग्लुकोज-फ्रुक्टोज करपून रंग काळवंडतो. म्हणून वारंवार मोजमाप करून चुन्याचे प्रमाण राखावे लागते. पण शेतात नष्ट झालेली साखर कितीही दक्षतेने परत मिळत नाही.

शेतकऱ्यांनी करावयाची कामे

१. वाहन व टोळी निश्चित झाल्याशिवाय तोड सुरू करू नये.
२. पक्व ऊसच जमिनीलगत तोडावा. वाढे, पाचट, मुळ्या व माती काढून टाकावी.
३. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळपास जावा.
४. विलंब अटळ असल्यास मोळ्या सावलीत ठेवून पाचटाने झाकाव्यात.
५. ऊस जाळून तोडू नये. जळालेल्या उसात बिघाड लवकर होतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तोडीची व गाळपाची वेळ आणि दोन्ही वेळचे वजन यांची नोंद ठेवण्यास शेतकऱ्यांना शिकवावे. ही नोंद पाहिली म्हणजे किती साखर वाटेत गेली, याचा अंदाज प्रत्येकास आपल्याच उसावरून येईल.