राऊटरवरील बंद बोगदा

नहराच्या उघड्या पाटाचे पाणी वाटेत कुणीही फोडतो. जमिनीखालून पाइप टाकला की ते थेट वावरात येते. व्हीपीएन हा असाच पाइप. नागपूरला दवाखान्यात बसून साकोलीकडच्या घरातील उसाचा हिशेब वा विहिरीवरचा कॅमेरा त्यातून पाहता येतो. कॅमेऱ्यासाठी राऊटरचे दार सरसकट उघडे टाकू नये.

आधी राऊटरचा मूळ पासवर्ड बदलावा. वायफायला डब्ल्यूपीए-२ किंवा ३ ठेवावे. राऊटरमध्ये वायरगार्ड असल्यास तेच घ्यावे. त्याचा नेहमीचा पोर्ट यूडीपी ५१८२०. पुष्कळ जोडण्यांत एकच जाहीर पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, मग बाहेरची हाक घरी पोचतच नाही. म्हणून कंपनीला आधी विचारून घ्या.

खरी मेख किल्ल्यांत आहे. राऊटर आणि मोबाईल, दोघांकडे किल्ल्यांची एकेक जोडी. जाहीर किल्ली खुशाल द्या, पण खाजगी किल्ली ज्या यंत्रात तयार झाली तिथेच राहावी. आम्हीच पहिल्यांदा ती व्हॉट्सॲपवर पाठवून बसलो! जोडी रद्द करून नवी करावी लागली. मोबाईल हरवल्यास त्याची जाहीर किल्ली त्याच दिवशी राऊटरमधून काढून टाकावी.